माशांनी ओळखलेला हात

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या दुकानदाराने आज माशांच्या खाण्याचा डबा उघडला आणि सुक्या कोळंबीच्या त्या वासाने मला थेट सरांच्या हॉलमध्ये नेऊन बसवलं.

सर म्हणजे मासे पाळणाऱ्यांच्या आमच्या ऑनलाइन फोरमचे मॉडरेटर. नोकरी बँकेत, पण रुबाब असा की समुद्र यांनीच भरला असावा. कुणाचा मासा मेला की आधी पाण्याची रीडिंग मागायचे, मग चारचौघांत त्याची अक्कल काढायचे. ‘घरातल्या बायकांना टाकीला हात लावू देऊ नका,’ हा त्यांचा ठरलेला सल्ला. तो वाचून आवडी उपनगरातल्या एक बाई फोरम सोडून गेल्या. आम्ही खाली ‘बरोबर आहे सर’ लिहून मोकळे झालो.

एका रविवारी सरांनी आम्हा सात भक्तांना टाकी बघायला घरी बोलावलं. टाकी सुंदर होती, खोटं कशाला बोलू. सर काचेवर बोट टेकवून व्याख्यान देत होते आणि मासे मागच्या हिरव्या पानांत दडून बसले होते.

“लाजतात,” सर म्हणाले.

तेवढ्यात वहिनी कॉफीचा ट्रे घेऊन आल्या. एकूण एक मासा पानांतून सुटला आणि त्यांच्या बाजूच्या काचेला तोंड लावून राहिला. त्या टीपॉयकडे वळल्या, तसे मासेही तिकडे सरकले.

“सकाळचं खाणं राहिलंय त्यांचं,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही येणार म्हणून मी टाकी धूत बसले होते.”

आम्ही सगळे मान खाली घालून कॉफी फुंकत राहिलो.

सरांची आता कीव येते. किळस येते ती माझी. त्या संध्याकाळी टाकीच्या फोटोखाली पहिली कॉमेंट मीच टाकली होती: ‘सर, तुमच्या हाताला गुण आहे.’