चुकीच्या खांद्यावरची शाल

सीमाभागातल्या आमच्या कॉलेजच्या मराठी विभागात आता निरोप समारंभ तेवढे वेळेवर होतात. परवाचा येळ्ळूरच्या एका तरुण प्राध्यापकाचा होता. दिवसभर तास, वर परीक्षा, प्रवेश आणि कन्नडमधून येणाऱ्या प्रत्येक पत्राला उत्तर. पोरगं वाळून गेलं होतं. आता तो सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूरच्या कॉलेजात चाललाय. त्याच्या आधी गेलेल्यांचे तास मी ‘दुसरं कोणी येईपर्यंत’ बघतेय. कोणी येत नाही.

प्राचार्य बदली होऊन नुकतेच आलेले, चेहरे अजून ओळखीचे नव्हते. त्यांनी लांबलचक भाषण केलं, शाल उलगडली आणि सरळ माझ्या खांद्यावर घातली. शेजारी बसलेल्या आम्हा दोघांत जास्त थकलेलं तोंड माझंच दिसलं असणार. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

“राहू द्या आक्का, तुम्हीच जावा,” तो शेजारून हळूच म्हणाला.

क्षणभर खरंच वाटलं, पर्स उचलावी आणि तशीच चालू लागावं. मग शाल काढून त्याच्या खांद्यावर घातली. टाळ्या थांबायच्या आत प्राचार्य माझ्याकडे वळले.

“मॅडम, दुसरं कोणी येईपर्यंत यांचे तास तुम्ही बघा.”