पोटरीतली गाठ

सौंदडच्या सुशिलाबाईचा हातगुणच तसा होता. कोणाचा पाय मुरगळला, कोणाची कंबर धरली, धान रोवण्याच्या दिवसांत बायांच्या पाठी जाम झाल्या, की तिच्या ओट्यावर गर्दी व्हायची. मोहाच्या बियांचं तेल कोमट करायचं, डोळे मिटायचे आणि बोटांनी दुखणं शोधायचं. पैसे घेत नसे. मात्र तिच्या हाताला कोणी नाव ठेवलं, तर त्याच्या सात पिढ्या उद्धरायची.

अशी ही बाई सदुसष्टाव्या वर्षी न्हाणीत घसरली आणि खुबा मोडला. नागपुरात सांधा बदलला. पंधराव्या दिवशी ती वॉकर धरून अंगणात आली, आणि मग दुखायला लागला तो गुडघा! "खुबा बदलला ना बाप्पा, मग गुडघा काऊन दुखून राहिला?" ती येईल त्याला विचारायची.

डॉक्टरांनी फोनवर समजावलं. चालण्याचा भार बदललाय, त्यामुळे गुडघा दुखतो, सूजही येते. पाय उशीवर उंच ठेवा, बर्फ लावा, पंजा हलवत राहा, रक्त पातळ करायची गोळी चुकवू नका. सकाळपर्यंत सूज उतरली पाहिजे. उतरली नाही, पोटरी दुखली, गरम लागली, तर पायात रक्ताची गुठळी असू शकते, ती छातीकडे सरकते; तडक या. आणि मालीश अजिबात नको.

हे शेवटचं मात्र तिला झोंबलं. जन्मभर जे केलं, तेच नको? पण सून दुर्गेश्वरी खमकी होती. बर्फ, उशी, गोळी, सगळं वेळच्या वेळी. सूज संध्याकाळी यायची, सकाळी उतरायची.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा, आली. मंडईला घराघरात पाहुणे, रस्त्यावर दुकानं, उठल्यापासून चहाचं आधण. पाहुण्यांपुढे पाय उशीवर टाकून पडायचं म्हणजे सुशिलाबाईला लाज वाटे. ती खुर्चीत पाय सोडून बसली ती उठलीच नाही. गोळीने डोकं गरगरतं म्हणून तीन दिवस गोळ्याही उशीच्या खोळीत गेल्या होत्या. आणि गेल्या दोन सकाळी सूज उतरली नव्हती, हे तिने लुगड्याखाली झाकून ठेवलं होतं. कोणाला सांगणार? सून लगेच गाडीत घालून नेईल, आणि ऐन मंडईत घर पाहुण्यांवर सोडून जायचं?

त्यात भाऊ बिसराम आला. "काय वं बाई, साऱ्या गावचे गुडघे तू सरळ केले, अन् तुया गुडघ्याले तुया हात नाई चालत? दिव्याखाली अंधार!"

सगळे हसले. तीही हसली. पण आतून तिचा नुसता जळफळाट झाला.

पाहुणे मंडईत पांगले तशी तिने सुनेला हाक मारली. "दुर्गे, तेल गरम कर. पायावरून हात फिरव."

"डॉक्टरनं नाई म्हटलं आहे, आई. मी नाई करत."

लग्न होऊन आल्यापासून अकरा वर्षांत पहिल्यांदा सून तिला नाही म्हणाली. मग सुशिलाबाईने स्वतःच वाकून पाहिलं. नव्या खुब्याला वाकणं मना होतं, बोटं गुडघ्याच्या पुढे जाईनात. शेवटी मंडईला आलेल्या मंदाबाईला तिने खोलीत घेतलं आणि दार लोटलं. मंदाबाई तिचीच चेली, हात तिनेच घडवलेला.

गुडघ्यावर बरं वाटलं. मग मंदाबाईचा अंगठा पोटरीवर उतरला आणि थांबला. "बाई, इथं लय गरम लागते. आत दोरीवानी काहीतरी कडक आहे."

सुशिलाबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती दोरी तिच्या बोटांनी एकदा पाहिली होती. बारा वर्षांपूर्वी, महिनाभर खाटेवर पडून असलेल्या, गावातल्याच गीताबाईच्या पोटरीत. तिने जोर लावून ती मोकळी केली होती, वर फुशारकीही मारली होती. गीताबाई रात्री छान झोपली, सकाळी पाण्याला उठली, छातीवर हात ठेवून पडली ती गेलीच. हार्ट होतं, लोक म्हणाले. सुशिलाबाईही तेच म्हणाली, रडली, तेरवी जेवून आली.

"हात काढ, मंदा! काढ म्हटलं ना!"

पण मंदाबाई भरात आली होती. शिकवल्यासारखा तिने खालून वर सगळा जोर लावला आणि घाम पुसत हसली. "झालं बाई. पाहा, आता नाई लागत. गेली वरतं."

सुशिलाबाईने ओरडून सुनेला बोलावलं. गोळ्या, दोन सकाळची सूज, मालीश, सगळं एका दमात सांगून टाकलं. दुर्गेश्वरी पांढरीफटक पडली. तिने डॉक्टरांना फोन लावला. आडवं ठेवा, पायाला कोणी हात लावू नका, जवळच्या मोठ्या दवाखान्यात आत्ताच्या आत्ता न्या, ते म्हणाले. सुशिलाबाईच्या मुलाने, टिंकूने, गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी मंडईची दुकानं आडवी. टिंकू खाली उतरून लोकांच्या हातापाया पडू लागला.

मागच्या सीटवर सुशिलाबाईने श्वास घेतला. बरगडीखाली टोचलं. तिने पुन्हा घेऊन पाहिला. पुन्हा टोचलं.

"आई, काई होऊन राहिलं काय?"

"दुर्गे," सुशिलाबाई म्हणाली, "गीताबाईचं हार्ट चांगलं होतं वं. तिले मीच मारलं."