आईला पैकीच्या पैकी

डिमेन्शियावर नव्याने संशोधन करणारी पाच पोरंपोरी आपापलं काम सांगायला डहाणूच्या एका हॉलमध्ये जमली होती. ज्यांच्या घरी येऊन त्यांनी म्हाताऱ्यांना तपासलं, त्या आम्हा घरच्यांनाही बोलावणं होतं. प्रत्येकाला दहा मिनिटं, त्यातली चार माईक चालतो का ते बघण्यात जायची. दर वाक्याला 'कम्युनिटी'. म्हणजे आम्ही, मागच्या रांगेत, पंखा नव्हता त्या बाजूला.

आमच्या गावी, चिखल्याला आलेली मुलगी तिसरी उभी राहिली. उन्हाळ्यात आमच्या ओटीवर बसून आईची परीक्षा हिनेच घेतली होती. आई मूळची उंबरगावची. वर्षभरात तिचं मराठी गळून गेलं, माहेरची गुजराती तेवढी उरली. या संशोधक बाईंना गुजरातीचा गंध नाही. मग आई बोलायची, मी मराठीत सांगायचे आणि ही टॅबवर बोट टेकवायची. वार कोणता, सण कुठला झाला, घरात माणसं किती. आई एक शब्द बोलते आणि लेक अख्खं वाक्य सांगते, हे कसं, असा प्रश्न एवढ्या शिकलेल्या मुलीला एकदाही पडला नाही.

आता पडद्यावर चिकूच्या वाडीचा फोटो आला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पण जन्मभर वाडीत राबलेल्या बायकांची स्मरणशक्ती शाबूत राहते म्हणे. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी तलासरीची एक सून बसली होती. तिची सासू फक्त वारली बोलते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघींनी माना खाली घातल्या. वाडी कसली न् राबणं कसलं, ते मार्क आम्हा लेकीसुनांचे होते.

मला हसू आवरेना. तेवढ्यात ती म्हणाली, ज्यांना मार्क कमी पडले त्यांना मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, उपचारही सुरू झाले. आईला तर पैकीच्या पैकी. तिला कोण बोलावणार?

चहाच्या वेळी मी तिला गाठलं. "त्या दिवशीची उत्तरं आईची नव्हती, माझी होती."

तिचा चेहरा उतरला. "ताई, पुढच्या आठवड्यात मला हेच बंगळुरूला मांडायचंय." माझी आई हिला आठवलीच नाही. एवढा तिटकारा मला बऱ्याच दिवसांत कुणाचा आला नव्हता. मग तिने विचारलं, "पण तुम्ही असं का केलंत?"

मी कप ठेवला आणि बाहेर आले.

त्या दिवशी ओटीवर तिचा पहिलाच प्रश्न होता, आजींना जेवायला कोण वाढतं? सकाळी मीच भरवलं होतं. आईने माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "आ मने भूखी राखे छे." ही मला उपाशी ठेवते, असं. मी न अडखळता सांगितलं, "म्हणतेय, मुलगीच सगळं करते." तिथून पुढची सगळी उत्तरं माझी.

टॅबवर बोट टेकवणाऱ्या त्या परक्या पोरीने मला वाईट म्हणू नये, एवढ्यासाठी मी आईचा डॉक्टर घालवला.