डॅमेज म्हणजे नुकसान

आमच्या क्लासच्या सरांचा एकच सिद्धांत होता: शब्द घोकले की इंग्रजी आपोआप तोंडातून वाहू लागतं. धामणकर नाक्याजवळ पहिल्या मजल्यावर क्लास, खाली कापड विणणारे लूम. त्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून गोदामात नोकरी शोधणाऱ्या सगळ्या बायका एका सुरात ओरडायच्या, "डॅमेज म्हणजे नुकसान! डिस्पॅच म्हणजे रवानगी!" सर डोळे मिटून मान डोलवायचे, जणू आरतीच चालली आहे. मी तिथली पगारी मॅडम. कुणी पुटपुटली तर तिला पुन्हा ओरडायला लावायचं, एवढंच माझं थोर अध्यापन.

वळ गावची एक वहिनी सगळ्यांत पुढे बसायची. नवऱ्याचं काम सुटलेलं, पोरगी शाळेत. काल्हेरच्या गोदामात माल तपासायची नोकरी लागली तरच घर चालणार होतं. शब्द मात्र सगळे तोंडपाठ. सर तिला "आपली टॉपर" म्हणायचे.

मुलाखतीत साहेबांनी इंग्रजीत विचारलं, खोकं डॅमेज दिसलं तर काय कराल? टॉपर ताडकन उभी राहिली आणि त्या थंडगार केबिनमध्ये क्लासातल्याच आवाजात गरजली, "डॅमेज म्हणजे नुकसान!" सगळे खो खो हसले. सोमवारी परत या म्हणाले, हेच नशीब.

हे सगळं तिनं मला रडत रडत सांगितलं. सर म्हणाले, "आवाज कमी पडला असेल." माझं डोकंच सटकलं. धन्य तो माणूस!

मग सर जेवायला गेले की मी तिला घेऊन बसायचे. शेजारच्या दुकानातून रिकामी खोकी आणली. एक फाडलं, एक भिजवलं. मराठी अर्थ सांगायचाच नाही. खोकं हातात घ्यायचं आणि त्याच्याबद्दल इंग्रजीत बोलायचं. हे डॅमेज आहे, हे पाठवू नका, दुसरं द्या. शब्द मोजकेच, पण रोज नव्या वाक्यात. सुरुवातीला ती घाबरायची, मग खोक्यांवरच खेकसायला लागली.

सोमवारी तिला नोकरी लागली. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

ती पेढे घेऊन आली, तर सरांनी लगेच मोबाईल काढला. जाहिरातीचा व्हिडिओ!

"सांगा ताई, कशामुळे यश मिळालं?"

"मॅडमनी खोकी फाडली, त्यानं बोलता आलं."

"अहो, पाठांतराचं सांगा ना!"

"न्हाय सर. पाठ केलेलं बोलले तेव्हा सगळे हसले मला. माझ्या पोरीला मी हितं न्हाय पाठवणार."

सरांनी मोबाईल खिशात टाकला. मी त्यांच्यासमोरच दोन पेढे खाल्ले.