यशोदा, सरकली का?

पाच वर्षं मी एकच धास्ती पोटात बाळगून होते. कधीतरी दादाच्या मोटारीखाली कोणीतरी येणार, नाहीतर दादाच मोटारीसकट तलावात जाणार. यातलं काहीच झालं नाही. त्या दिवशी दुपारी मुलींना पाढे म्हणायला बसवलं होतं आणि लॉरीचा आवाज आला. आवाज ओळखीचा होता, पण गाडी धानाच्या गोदामाशी थांबली नाही, सरळ शाळेपुढे आली. ड्रायव्हरच्या जागेवरून उतरला तो कोणी भलताच होता. दुसऱ्या बाजूने मिलचे मुनीमजी उतरले, टोपी हातात घेऊन. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "गाडीखाली कोण मेलं?" मुनीमजी म्हणाले, "कोई नहीं, बहनजी. सोमाजी... बुखार बहुत चढ़ गया था." आणि खरं सांगायचं तर ते ऐकून आधी क्षणभर मला हायसं वाटलं. गाडीखाली कोणी आलं नव्हतं. मग सोमाजी कोण ते डोक्यात शिरलं. त्यानंतर गाडीत मी कशी चढले, ती कशी सुरू झाली, गोंदियापर्यंत कोण काय बोललं, यातलं मला काही आठवत नाही.

सोमाजी म्हणजे माझा थोरला भाऊ, माझा दादा. आमच्या घरी शेत नव्हतं. एक बैलगाडी, एक बैलजोडी आणि दादाचे दोन हात. कामठ्याहून धान भरायचं आणि गोंदियाच्या मिलला नेऊन टाकायचं, यावर घर चालायचं. मी लहानपणीच विधवा होऊन परत आलेली. दादाने मला शिकवलं, लोकांनी नावं ठेवली तरी शिकवलं, आणि पुढे मी गावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. गाव मला मास्तरीणबाई म्हणतं. यशोदा म्हणून हाक मारणारा एकटा दादा. तीही 'यसोदा' अशी.

दादा भित्रा होता. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण तो स्वतःच ते चारचौघांत सांगायचा. विहिरीत वाकून बघायचा नाही, मंडईच्या जत्रेत पाळण्यात बसायचा नाही, आणि शिपाई दिसला की काही न करताही त्याला घाम फुटायचा. असा हा माणूस मोटार शिकायला निघाला तो हौसेने नव्हे. लढाईच्या दिवसांत मिलच्या शेठजींनी एक जुनी लॉरी घेतली, हंगाम येईपर्यंत आमच्या गावच्या गोदामापाशी उभी केली आणि गाडीवानांना बोलावून सांगितलं, "नया धान लॉरी से आएगा. गाड़ीवाले अपना देख लें." बाकीचे घरी आले. दादा तिथेच उभा राहिला आणि त्याने विचारलं, मी शिकलो तर मला ठेवाल का? शेठजी हसले असणार. म्हणाले, "सीख ले. लेकिन पेट्रोल मेरा नहीं जलेगा." पेट्रोल रेशनवर होतं, आणि विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती. चाळिशीला टेकलेला, बैलाशिवाय काही हाकून न पाहिलेला माणूस, आणि पेट्रोलाविना मोटार शिकायची!

यातून वाट काढली भगतराम चाचांनी. ते शेठजींचे जुने ड्रायव्हर. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे घरी बसलेले. दोन वेळच्या जेवणावर शिकवायला तयार झाले. लॉरीभोवती हात लावत एक फेरी मारली आणि म्हणाले, "इंजन बाद में. पहले इसको मोड़ना और रोकना सीख. खींचने के लिए तेरे बैल हैं ना?" म्हणून लॉरीच्या पुढच्या कण्याला साखळी बांधली, साखळी बैलांच्या जुवाला, आणि गावातल्या चार रिकामटेकड्यांनी मागून रेटा दिला की आमची मोटार निघायची. आत चाकापाशी दादा, शेजारी चाचा, आणि पुढे बैलांच्या तोंडाशी मी. दुसरं कोण होणार? गावातले पुरुष हसायलाच यायचे. वहिनीने एकदा पाहिलं आणि पदर डोळ्यांवर घेऊन घरी गेली, ती पुन्हा आली नाही. सकाळी शाळा भरायच्या आधी मी काऱ्याची वेसण धरून चालायचे. काऱ्या आमचा डावा बैल. दादापेक्षा शांत.

भातबांध्यांच्या मुलखात सरळ, सपाट आणि कठीण जमीन एकच, ती तलावाची पाळ. तिच्यावरून गाडीवाट जाते. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खोल बांध्या, आणि टोकाला गावाकडे उतरणारा उतार. सपाटीवर सगळं ठीक चाले. दादा चाक इतकं आवळून धरायचा की त्याच्या बोटांना पेटके यायचे. "यसोदा, हे बैलावानी नाही वं," तो मागून ओरडायचा, "याले डोरे नाहीत. जिकडं वरवलं तिकडंच जाते." मी म्हणायचे, डोळे तुला आहेत ना, मग सरळ वळव. बोलायचे तावातावाने, पण माझ्या पाठीला सारखे डोळे फुटलेले असायचे. बैलगाडीला दांडी असते, ती गाडीला बैलांपासून लांब धरते. आमच्या मधे नुसती साखळी होती. साखळी ओढू शकते, थोपवू शकत नाही. मागचं धूड थांबवणारी एकच गोष्ट होती, दादाचा उजवा पाय. हातब्रेक केव्हाच निकामी झालेला.

साखळी ताणलेली असली की तिचा आवाज होत नाही. हे मी पहिल्याच दिवशी शिकले. एके सकाळी चाचा म्हणाले, आज उतार. आम्ही पाळीच्या टोकाशी आलो, बैल उतरणीला लागले आणि माझ्यामागे साखळी जमिनीवर खळखळली... मी वळून पाहिलं. दादा दोन्ही पाय वर घेऊन बसला होता. गाडीवानाची सवय! उतारावर गाडीवान लोंबते पाय वर घेतो, कासरा सैल सोडतो आणि जिभेने टक् टक् करतो. पुढचं बैल बघतात, मान घट्ट करून ओझं तोलतात. भीतीने दादाच्या अंगातला ड्रायव्हर पळून गेला होता आणि गाडीवान तेवढा उरला होता. हात चाकावरून सुटलेले, डोळे काऱ्यावर, आणि तो खरंच टक् टक् करत होता. चाचा ओरडत होते, "पाँव! पाँव रख!" पण त्याला ऐकू जात नव्हतं. काऱ्याने सवयीप्रमाणे मान आवळली आणि चारी पाय रोवले. गाडीपुढे पाय रोवावेत तसे, लॉरीपुढे.

मी ओरडले, "दादा, मी हावो इथं! पाय!" मास्तरीण झाल्यापासून घरीदेखील मी तसं बोलत नसे. बाजूला उडी मारावी हे मला सुचलं नाही. वेसण माझ्या मनगटाला गुंडाळलेली होती आणि काऱ्या हलत नव्हता, म्हणून त्याला पुढे रेटायला मी मागे त्याच्या मांडीशी गेले, लॉरीकडे पाठ करून. मग लॉरीचा बंपर माझ्या पाठीला लागला. आदळला नाही, टेकला. गार लोखंड पोलक्यातून कळलं, इतकं हळू. काऱ्याच्या मांडीचं मात्र कातडं सोललं. तो पुढे कायम लंगडला.

दादाने दोन्ही पाय ब्रेकवर दाबले होते आणि आता तो ते काढायला तयार नव्हता. मी बैल सोडून बाजूला घेतले. त्याने आतून विचारलं, "यसोदा, सरकली का?" म्हटलं, सरकले. "पुरी सरकली का वं?" पुरी सरकले, दादा. तरी पाय निघेनात. चाकाखाली धोंडा लावला, दुसरा लावला, चाचांनी हात फिरवून खात्री करून दिली, तरी तो विचारतच होता. शेवटी मी पायरीवर चढून खिडकीशी माझं तोंड दाखवलं तेव्हा त्याने एक पाय उचलला, मग दुसरा. खाली उतरून गवतात बसला आणि लहान मुलासारखा रडला. "मी हमाली करतो," म्हणाला, "मले नाही होत."

त्या दिवशी शाळेत मी मुलींना काय शिकवलं देव जाणे. खडू सारखा मोडत होता. दादा मिलमधे पोती वाहील म्हणजे काय होईल ते मला दिसत होतं. त्याची पाठ आधीच गेलेली होती. चाचांना मी म्हटलं, उद्यापासून पुढे एखादा गडी लावू, मला भीती वाटते. ते म्हणाले, "तुम ही चलो, बहन. और किसी के लिए ये इतना नहीं डरेगा." मला त्यांचा राग आला. माझ्या जिवावर हा धडा! पण दुसऱ्या दिवशी सकाळी काऱ्याच्या जागी शेजाऱ्याचा बैल जुंपून मी लॉरीपुढे उभी राहिले, आणि दादाला निरोप धाडला की मी उभी आहे. तो आला. त्या सकाळी आम्ही तो उतार पावलापावलाने उतरलो. मी एक पाऊल टाकायचे, तो ब्रेक दाबायचा आणि मागून विचारायचा. मी प्रत्येक वेळी ओरडून उत्तर देत होते.

नवं धान आलं तेव्हा शेठजी परीक्षा घ्यायला आले. या वेळी पेट्रोल होतं, पोती होती, इंजिन धडधडत होतं. बैल नव्हते, आणि पुढे मीही नव्हते; गोदामाच्या भिंतीशी लोकांत उभी होते. दादा आत बसला तो बसलाच. पुढचा रस्ता मोकळा होता, पण त्याची नजर बंपरच्या पुढे एका जागी खिळली होती. शेठजी म्हणाले, "क्या हुआ भाई?" तेव्हा दादाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या गावादेखत विचारलं, "यसोदा, सरकली का?" लोक हसले. मी म्हटलं, "सरकली, दादा. ने गाडी." आणि लॉरी हलली.

त्यानंतर तो विचारल्याशिवाय कधीच निघाला नाही. गोदाम शाळेला लागूनच. तो विचारायचा आणि मी वर्गातून उत्तर द्यायचे. पुढे मुलीच एका सुरात ओरडू लागल्या, मी डोळे वटारले तरी. गोंदियात, आमगावात उत्तर द्यायला कोणी नसे. तिथेही विचारायचा, जरा थांबायचा आणि मग निघायचा. हमाल चेष्टा करत. मी एकदा म्हटलं, आता तरी सोड हे, उस्ताद झालास. म्हणाला, "मले मोटारची हौस नाही, यसोदा. मले तिचा भेव वाटते. रोज वाटते. म्हनून इचारतो." माझीही गत तीच. संध्याकाळी हॉर्न वाजेपर्यंत घास उतरायचा नाही, उशीर झाला की मी रस्त्यावर येऊन उभी राहायचे. त्याच्या हातून एक कोंबडीसुद्धा मेली नाही, पण भीती आम्हा दोघांची एका दिवसानेही कमी झाली नाही.

शेवटचा दिसला तो घोंगडी पांघरून चाकाशी बसलेला. हुडहुडी भरली होती. मी म्हटलं, आज राहू दे. म्हणाला, पोती पोचवून येतो. त्या दिवशी त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा उत्तर दिलं. गोंदियात ताप चढल्याचं कळलं तेव्हा वहिनी मुलांना घेऊन गेली, मीही शाळेची सोय लावून जाणार होते... ताप ठाऊक असूनही मुनीमजींना मी विचारलं ते गाडीचंच.

परवा लॉरी पुन्हा धान न्यायला आली. चालवत होता टिकाराम. निरोप घेऊन आला होता तो हाच. दादाने त्याला गोंदियात शिकवलं, यंदापासून ही वाट त्याची. पोती भरून झाली तशी मी वर्ग सोडून ओट्यावर आले. आता ही गाडी न विचारता निघणार आणि ते मला ऐकावं लागणार, एवढंच डोक्यात होतं. टिकारामने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "यसोदामाय, सरकली का?"

मी रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेले. विचारलं, हे काय म्हणालास? तो संकोचला. "सोमादादानं शिकवलं, बाई. दोन्ही पाय ब्रेकावर ठेवाचे, मुंडकं बाहेर काढाचं अन् इचाराचं. मंग जराक थांबाचं." मी विचारलं, कोण ही यशोदा? त्याने आवाज खाली आणला. "ते त्यानं कधी सांगतलं नाही. पन हमाल म्हनतात का यसोदा नावाची एक बाई याच गाडीखाली मेली. तिले इचारल्याबिगर गाडी काढली तं ते आडवी होते." त्याने बंपरकडे बोट दाखवलं. तिथे त्याने यशोदेसाठी हिरव्या बांगड्या बांधल्या होत्या.

हिरव्या बांगड्या माझ्या हातांनी कधीच्या पाहिल्या नाहीत. मी बंपरला हात लावला. लोखंड तसंच गार होतं. ती यशोदा मीच, हे टिकारामला सांगायचं ओठांवर आलं, पण सांगितलं तर तो उद्यापासून विचारायचा थांबला असता. मी रस्त्याच्या कडेला झाले. त्याने पुन्हा डोकं बाहेर काढून विचारलं, आणि दादाने शिकवलं होतं तसा थांबला.

"सरकली," मी म्हटलं. "ने गाडी."

मेलेल्या यसोदामायने त्याला आजवर कधी उत्तर दिलं नव्हतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. गाडी जागची हलली नाही. पायरीवर चढून मी आत पाहिलं. त्याचे दोन्ही पाय ब्रेकवर होते.