रोजचे पोहे

“हे पोहे रोजचे आहेत! बघण्याच्या कार्यक्रमाचे नाहीत!” ती दारातूनच ओरडली आणि भोपाळच्या साकेत नगरातली कबुतरं उडाली ती बहुतेक अजून खाली उतरलेली नाहीत.

ती इस्पितळातून रात्रपाळी करून आली होती. समोर सोफ्यावर कडक इस्त्रीतला मी, साताऱ्याहून आलेले आई-बाबा, तिघांच्या हातात बशा. ती चपला काढत असतानाच आईनं विचारलं होतं, स्वयंपाकाची आवड आहे ना?

झालं होतं असं. कारखान्यात माझ्याच पाळीतल्या तिघांनी तिचा फोटो लावून दोन महिने मोबाइलवर माझ्याशी गोड गप्पा मारल्या. त्यातला एक तिच्या गल्लीतलाच. मी इतका तरंगत होतो की बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरचा जिना पायांना लागत नव्हता. शेवटी ‘रविवारी आईबाबांना घेऊन घरी या’ असा निरोप आला, पत्त्यासकट.

दार तिच्या आईनं उघडलं. बाबा म्हणाले, साताऱ्याहून आलो. त्या माउलीला वाटलं, यजमानांकडचे कुणी असतील. यजमान नेमके बाहेर. भोपाळात आधी खायला घालतात, नाव मग विचारतात, आणि सकाळी पोहे-जिलेबी तर घराघरात असते. आम्ही पडलो साताऱ्याचे. लग्नाची मुलगी आणि समोर पोहे, म्हणजे कार्यक्रम सुरू झाला, असंच धरून चाललो. बाबांनी दुसरी बशीही मागून घेतली.

मी मोबाइल पुढे केला. तिनं उभ्याउभ्या वाचलं आणि मटकन खुर्चीत बसली.

“भैया, यातलं एक अक्षर माझं नाही.”

त्या ‘भैया’नं माझं वजन जागच्या जागी दहा किलो उतरलं. आई हातातल्या जिलेबीसकट रडली.

सोमवारी पाळी सुटली तेव्हा ते तिघे गेटवर दात काढत उभे. निम्मा कारखाना गोळा झालेला; मी तर म्हणतो, मंत्र्याला एवढी गर्दी होत नाही. तेवढ्यात ती स्कूटीवरून आली, डोळे लाल, आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात डबा दिला. पोहे आहेत म्हणाली, डबा तेवढा परत आणून द्या.

आता डबा रिकामा कसा परत करायचा? मी लाडू घालून दिला. तिच्या आईनं भरून परत पाठवला. वर्षभर तो डबा फिरत राहिला आणि मग आमचं लग्न झालं.

आता तिची रात्रपाळी, माझी सकाळची. आमची भेट दारात, एकाची चप्पल निघते तेव्हा दुसऱ्याची चढते. त्या तिघांचं खोटं मी कधीच पचवलं. पण ती गेटवर आली ती निव्वळ कीव म्हणून असेल, तर मग सगळा संसारच दयेवर चाललाय, हे मात्र गिळवत नव्हतं. परवा दारातच विचारून टाकलं, कीव आली होती का माझी?

ती पाय चोळत होती. वरसुद्धा बघितलं नाही.

“रोजचेच पोहे होते. त्या दिवशी जास्त झाले.”