गॅस संपत नसतो

फ्रिज आणि एअर कंडिशनर दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, पण माझं स्वतःचं डोकं काही थंड राहिलं नाही. बायकोला विचारा. आणि आज जे सांगतोय, ते मी तिच्यावर डाफरलो तिथूनच सुरू झालं.

तेव्हा मी कोराडीच्या वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर होतो. कंट्रोल रूमच्या एअर कंडिशनरची देखभाल माझ्याकडे. त्याला सहा वर्षं झाली होती. त्याआधी चार वर्षं शहरात, सदर भागातल्या एका दुकानात फ्रिजचं काम केलं. हात चांगला होता, हे गर्वानं सांगतो. कॉम्प्रेसरचा नुसता आवाज ऐकून मी दुखणं ओळखायचो. पण शिक्षण आठवीपर्यंत, आणि कामाचा म्हणाल तर कागद एकही नाही.

एक दिवस नोटीस लागली. मेकॅनिकची एक कायम जागा भरायची होती आणि त्यासाठी रेफ्रिजरेशनचं सर्टिफिकेट पाहिजे होतं. अनुभव दाखवला तर बाहेरून परीक्षेला बसता येत होतं. मला ती जागा हवीच होती. कायम झालो तर कॉलनीत क्वार्टर, दवाखाना, आणि उद्या काम आहे की नाही हा घोर कायमचा मिटणार होता. नाही तर दुसरा कोणी कागद घेऊन आला असता, मीच त्याला मशीन समजावून दिली असती आणि मग ठेकेदारानं मला नारळ दिला असता. हे एवढं स्वच्छ दिसत होतं की मी त्याच दिवशी फॉर्म आणला.

पुस्तक अर्धं इंग्रजीत होतं. बायको मॅट्रिक झालेली, त्यामुळे संध्याकाळी ती वाचून सांगायची आणि मी भाजी निवडायचो. हो, निवडायचो, त्यात लाज कसली. आठ-दहा दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी ती वाचता वाचता थांबली.

"अवो, इथं लिवलं आहे का गॅस बंद नळीतून फिरते. कॉम्प्रेसरमधून निघते न् फिरून तिथंच येते. मंग तुमी काहून म्हनता, गॅस संपला म्हनून?"

"संपते म्हणून म्हणतो. दहा वर्षांपासून भरून राहिलो मी."

"पन जाते कुठं? रॉकेलसारखा जळते का?"

झालं, माझं डोकं सटकलं. "तुले काय समजते वं त्याच्यातलं? तू वाचायचं काम कर."

"वाचूनच तर राहिली," ती म्हणाली आणि तिनं पान उलटलं.

दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. राग तिचा नव्हता. मला उत्तर येत नव्हतं, त्याचा होता. आमच्या धंद्यात तो शब्दच तसा होता. उन्हाळा तापला की गिऱ्हाईक दुकानात यायचं, फ्रिज थंड करत नाही म्हणायचं. आम्ही जाऊन दाब मोजायचं गेज लावायचो आणि सांगायचो, गॅस संपला. भरून द्यायचो. पुढच्या उन्हाळ्यात तेच घर, तोच फ्रिज, तेच उत्तर. गिऱ्हाइकाला पटायचं, कारण त्याच्या घरी स्टोव्हमधलं रॉकेल संपतच होतं. बरं, आम्ही कोणाला फसवत होतो असंही नाही. आमचाच त्याच्यावर विश्वास होता. उस्तादानं सांगितलं, आम्ही ऐकलं, पुढे आम्ही गिऱ्हाइकाला सांगितलं. बंद नळीत फिरणारा गॅस खर्च होत नसतो, तो कमी झाला म्हणजे कुठंतरी भोक आहे, एवढी साधी गोष्ट दहा वर्षांत माझ्या टाळक्यात शिरली नव्हती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "तुझं बरोबर आहे."

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "बसा, समोरचं पान घेऊ."

परीक्षा आयटीआयच्या शेडमध्ये होती. आम्ही पाच जण, प्रत्येकाला एक मशीन. तीन तासांत ती थंड करून दाखवायची. गेज लावून पाहिलं तर गॅस कमी. माझा हात आपोआप सिलिंडरकडे गेला. पाइप जोडला, चावी अर्धी फिरवलीसुद्धा. शेजारचा तर भरून मोकळा झाला होता. तेवढ्यात ते "जाते कुठं" कानात वाजलं आणि मी चावी बंद केली.

साबणाचा फेस केला आणि ब्रशनं एकेक सांधा माखत सुटलो. फेसाला फुगा आला की तिथं गळती. तास गेला, एकही फुगा नाही. घामानं शर्ट पाठीला चिकटला. शेवटी मागच्या अंगाला, अगदी अडचणीतल्या एका नटाखाली, बारीक फुगे यायला लागले. नट खोलला तर नळीचं तोंड तडकलेलं. तेवढा तुकडा कापला, नळीला नवं तोंड केलं, आवळलं. आतली हवा काढायला पंप लावला आणि घंटा झाली. बाकी चौघांपैकी तिघांच्या मशीनवर पांढरंशुभ्र बर्फ धरलं होतं. माझी तशीच कोरडी ठणठणीत. गेली नोकरी, मी मनात म्हटलं.

परीक्षक माझ्यापाशी आले. "त्या तिघांनी गॅस भरला. इथं काहून नाही भरला?"

मी तो तडकलेला तुकडा त्यांच्या हातात दिला. "भरला असता तर चार दिवसांत निघून गेला असता, साहेब. गॅस संपत नसतो."

त्यांनी तुकडा उलटापालटा करून पाहिला, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. पाचही मशीनमध्ये गळती मुद्दाम ठेवली होती, हे मला निकाल लागल्यावर समजलं. पाचांत दोघं पास झालो. सर्टिफिकेट आलं, मुलाखत झाली, आणि ती कायम जागा मला मिळाली. आम्ही कॉलनीत राहायला गेलो. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते म्हणून बायको पहिल्या आठवड्यापासून कुरकुरायची, पण हसत.

कायम झाल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कंट्रोल रूमची मशीन मंद झाली. ड्यूटीवरच्या इंजिनिअर साहेबांनी विचारलं, किती वेळ लागेल. रोजंदारीवर असतो तर गॅस भरून गप बसलो असतो. या वेळी म्हणालो, "मशीन दोन तास बंद ठेवावी लागेल साहेब. आधी गळती शोधू द्या." ऐन मे महिन्यात कंट्रोल रूम दोन तास उकडू द्या म्हणणं म्हणजे आगाऊपणाच होता. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"ठीक आहे, शोधा," ते म्हणाले. "मशीन बंद ठेवल्याचं मी लिहून देतो."

शोध नाही, शोधा. त्या इमारतीत सहा वर्षं मला सगळे अरे-तुरे करत आले होते. एका कान्याचा तो फरक, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गळती सापडली, मशीन दुरुस्त झाली, आणि घरी जाऊन मी बायकोला हे सगळं कौतुकानं सांगितलं, पाण्यासकट.

ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "अकरा वर्षांपासून मी तुमाले अहो-जाहो करून राहिली. तवा नाही आलं पानी."